चढताना दम लागतो, पाय मात्र उतरताना मुरगळतो

माझा डावा घोटा आजवर दोनदा मुरगळलाय, दोन्ही वेळा सिंहगडावरून अतकरवाडीकडे उतरताना, आणि दोन्ही वेळा अगदी खाली आल्यावर, म्हणजे जिथे खडा उतार संपत आलेला असतो आणि आपण मनातल्या मनात चहाच्या टपरीवर पोचलेलो असतो तिथे. चढताना आजतागायत काही झालेलं नाही. पहिल्या वेळी मी बुटांना दोष दिला, सगळेच देतात. दुसऱ्या वेळी मात्र मी फिजिओथेरपीचं मास्टर्स करत होते, क्रेप बँडेज लावून आठ दिवस पाय उशीवर ठेवून बसले होते, आणि तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला की नजर तर वाटेवर होती, दगड दिसला होता, पाय कुठे टाकायचा हेही ठरलं होतं, मग तो तिथे पडला का नाही? दोन बोटं बाजूला पडला. दोन बोटांनी माझे दीड महिने खाल्ले.

त्या आठ दिवसांत जे वाचलं आणि नंतर कॉलेजात जे शिकले ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण दर रविवारी पहाटे माझ्याच वयाची शेकडो मुलंमुली सिंहगड चढतात, वर पोचल्यावर पहिला प्रश्न "किती मिनिटं?" हा असतो, आणि उतरण्याबद्दल कोणीच काही विचारत नाही.

तर त्या दोन बोटांचं उत्तर आहे जॉइंट पोझिशन सेन्स, म्हणजे सांध्याच्या जागेची जाणीव. डोळे मिटले तरी आपला गुडघा किती वाकलाय, कोपर कुठे आहे, पाऊल आत वळलंय की बाहेर, हे आपल्याला कळतं, ती ही जाणीव. माझी आई भाकरी थापताना शेजारच्या काकूंशी बोलत असते, परातीकडे बघतही नाही, तरी भाकरी हाताखाली गोल फिरत राहते आणि कडा फाटत नाही. अंधारात जिन्याची शेवटची पायरी आपण बरोबर उतरतो तेही यातूनच. या सगळ्या आतल्या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन हा शब्द चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1906 साली दिला, पुढे 1932 मध्ये त्याला नोबेलही मिळालं. पाच इंद्रियं आपण शाळेत पाठ करतो, हे सहावं मात्र कोणी शिकवत नाही, कारण ते इतकं गुपचूप काम करतं की गेल्याशिवाय होतं हेच कळत नाही.

गेल्यावर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडमधल्या इयन वॉटरमन यांचं आहे. 1971 साली, वय 19, एका व्हायरल आजारानंतर त्यांची मानेखालची स्पर्शाची आणि ही अवयवांच्या जागेची जाणीव गेली. स्नायू शाबूत होते, ताकद होती, पण आपला हात कुठे आहे हे बघितल्याशिवाय कळायचं नाही. त्यांनी डोळ्यांनी बघून बघून, प्रत्येक हालचाल विचार करून करायला शिकून पुन्हा चालणं मिळवलं, आणि तरी दिवे गेले, अंधार झाला की ते कोसळायचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती स्वतःच्या पायाची बोटं हलवत बसले होते.

आता ही जाणीव नेमकी येते कुठून? खूप वर्षं असं मानलं जायचं की सांध्यातच बसवलेले सेन्सर हे सांगतात, नावच जॉइंट सेन्स. पण 1972 मध्ये गुडविन, मॅक्लोस्की आणि मॅथ्यूज या तिघांनी एक फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दंडाच्या बायसेप्सच्या टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, व्हायब्रेटर लावला, डोळे बंद, आणि माणसाला वाटायला लागलं की आपला हात सरळ होतोय, खरं तर हात तसा सरळ झालेलाच नव्हता. व्हायब्रेशनने स्नायूच्या आतले स्पिंडल नावाचे बारीक सेन्सर जागे होतात आणि मेंदूला कळवतात की "स्नायू ताणला गेलाय", मेंदू त्यावर विश्वास ठेवतो. म्हणजे सांध्याची खबर मुख्यतः स्नायू देतो. खुब्याचा सांधा बदललेल्या लोकांनाही पाय कुठे आहे हे बऱ्यापैकी कळतं, ते यामुळेच. सांध्याच्या आवरणातले सेन्सर आणि त्वचेचा ताण यांची मदत असते, पण मुख्य बातमीदार स्नायूच. (आणि त्या सेन्सरमधलं पिएझो-2 नावाचं प्रथिन, जे ताणाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतं, ते शोधल्याबद्दल आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं, तापमानाच्या सेन्सरवर काम केलेल्या डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर. म्हणजे शेरिंग्टनपासून शंभरावर वर्षं गेली तरी या विषयातलं नवं सापडतंच आहे.)

इथेच माझ्या घोट्याची गोष्ट जुळते. खबर देणारा स्नायूच जर दमला असेल तर खबर कशी येणार?

व्यायामाची इंटेन्सिटी, म्हणजे व्यायाम किती जोराचा, ते कसं मोजतात हे आधी सांगते कारण जिममध्ये हा शब्द नुसता घामावरून मोजतात. आम्ही नाडीवरून मोजतो. ढोबळ हिशेब असा की 220 मधून वय वजा केलं की जास्तीत जास्त नाडी, माझ्या 23 व्या वर्षी 197. सकाळी उठल्याउठल्या नाडी 65 असेल तर मधला फरक 132. या फरकाच्या 40 टक्क्यांपासून साधारण 60 टक्क्यांपर्यंत मध्यम व्यायाम, म्हणजे माझ्यासाठी 118 ते 144 च्या आसपास, आणि त्याच्यावर गेलं की जोरदार. नाडी मोजायची नसेल तर त्याहून सोपी खूण बोलण्याची आहे, पूर्ण वाक्य बोलता येत असेल पण गाणं म्हणता येत नसेल तर मध्यम, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जोरदार. सिंहगडावर टायमिंग लावून चढणारे आम्ही सगळे पहिल्या पाच मिनिटांतच त्या दोन-तीन शब्दांवर आलेलो असतो आणि वरपर्यंत तिथेच राहतो.

हलका व्यायाम ही जाणीव बिघडवत नाही, उलट थोडी धारदारच करतो असं काही अभ्यासांत दिसलंय, वॉर्मअपनंतर गुडघा किती वाकलाय याचा अंदाज आधीपेक्षा बरोबर येतो. याचं एक कारण मला फार आवडतं. स्नायू बराच वेळ नुसता पडून राहिला की त्याच्या आतले तंतू ढिले पडतात, वाळत घालायच्या दोरीला झोळ पडतो ना तसं, आणि झोळ पडलेल्या दोरीवर हलका धक्का दिला तरी दुसऱ्या टोकाला काही कळत नाही. चार वेळा स्नायू आवळला, सोडला की तो झोळ जातो आणि स्पिंडल पुन्हा बारीक बारीक बदल कळवायला लागतात. शिवाय स्नायू गरम झाला की नसांमधून सिग्नल जरा वेगाने जातो. म्हणून दोन तास गाडीत बसून थेट घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, पाय ठेवणं मला आता बघवत नाही, पार्किंगपासून दहा मिनिटं नुसतं चाला, पण चाला.

मध्यम व्यायामात तरुण, निरोगी माणसाला सहसा फार फरक पडत नाही. प्रश्न जोरदार व्यायामाचा आहे, आणि त्यातही दमणूक होईपर्यंत केलेल्या. तिथे अंदाज चुकायला लागतो. किती चुकतो हे सांधा कोणता, बसून मोजलं की उभं राहून, पाय स्वतः हलवला की दुसऱ्याने हलवून दिला यावर इतकं अवलंबून असतं की दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवले तर कधीकधी भांडतात. पण दमल्यावर चूक वाढते ही दिशा बऱ्याच ठिकाणी सारखी आहे.

त्यातला एक अभ्यास वाचून मी अक्षरशः उठून बसले होते. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात उवे प्रॉस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये तरुण मंडळींना जिना चढायला आणि उतरायला लावला, 792 पायऱ्या. चढताना मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, आखडत काम करतो, उतरताना तोच स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो. दम चढताना जास्त लागतो हे कोणीही सांगेल, पण ताकद जास्त गेली ती उतरणाऱ्यांची, आणि मग एका पायाच्या गुडघ्याचा कोन न बघता दुसऱ्या पायाने जुळवायला सांगितलं तर तो जुळेना, चुका वाढल्या. म्हणजे एकीकडे छातीचा भाता शांत झालाय, श्वास नीट चाललाय, आपल्याला वाटतंय आता आराम आहे, आणि नेमका त्याच वेळी मांडीतला बातमीदार चुकीच्या बातम्या पाठवतोय. उतरताना आपण स्वतःला फ्रेश समजतो ते फुप्फुसांच्या जोरावर. मांड्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

चुकीची बातमी का जाते याचं उत्तर दोन थरांत आहे आणि दोन्ही मला पटतात. एक थर खाली स्नायूत, दमलेल्या स्नायूत आम्लता वाढते, पोटॅशियम साचतं, बारीक नसा चिडतात, त्याचा स्पिंडलच्या कामावर परिणाम होतो. दुसरा थर वर मेंदूत. मेंदू नुसत्या स्पिंडलवर अवलंबून नसतो, तो हेही बघतो की हा पाय या जागी धरून ठेवायला मला किती जोर लावावा लागतोय. रोज तेवढीच बादली उचलणाऱ्या माणसाला तापातून उठल्यावर तीच बादली जड वाटते, बादली तेवढीच असते, जोर जास्त लावावा लागतो म्हणून वजनाचा अंदाज चुकतो. पायाचंही तसंच, दमलेला स्नायू तोच पाय तिथेच धरायला जास्त जोर मागतो आणि मेंदूचा हिशेब सरकतो. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी एकीकडे फक्त गुडघ्याच्या स्नायूंना दमवलं आणि दुसरीकडे धावायला लावून अख्खं शरीर दमवलं, आणि त्यांच्याकडे अंदाज चुकला तो मुख्यतः अख्खं शरीर दमल्यावर. त्यामुळे नुसत्या मांडीला दोष देऊन भागत नाही, दमलेलं डोकंही त्यात आहे. आणि दमलेल्या माणसाला आपलं डोकं दमलंय हे कळायला तेच दमलेलं डोकं वापरावं लागतं, ही यातली सगळ्यात अवघड गोष्ट.

घोट्याचं अजून एक आहे. पाऊल टेकल्यापासून घोटा आत दुमडून लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना जोडणारा पट्टा, ताणलं जायला सेकंदाचा दहावा भागसुद्धा पुरतो, तेवढ्यात पायाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू जागे होऊन सावरतील ही आशा बहुतेक वेळा खोटी ठरते, रिफ्लेक्स पोचेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून खरं रक्षण पाऊल टेकायच्या आधी होतं, हवेत असताना ते किती आडवं, किती तिरकं आहे याचा अंदाज बरोबर असण्यात. चार-पाच अंशांची चूक फरशीवर कळतही नाही, घसाऱ्यावर तीच चूक पाय गोट्यावर कडेला नेऊन ठेवते. मैदानावरही हेच चित्र आहे, युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉलच्या दुखापतींच्या नोंदींत दोन्ही हाफमध्ये वेळ जाईल तशा दुखापती वाढत जातात. कबड्डीचे शेवटचे पाच मिनिट बघताना माझं लक्ष आता स्कोअरपेक्षा रेडरच्या पावलांवर जास्त असतं.

हे घरी बघता येतं, आणि बघाच. माझा मावसभाऊ साताऱ्याचा, यवतेश्वरच्या घाटात पळून वाढलेला, 20 वर्षांचा, त्याला यातलं काहीच पटत नव्हतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये पण अर्धं अंतर चढ आणि अर्धं उतार असतो आणि तो म्हणायचा, "ताई, उतार म्हणजे फुकटचे किलोमीटर." मग एका रविवारी त्याला कॉटच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडलेले, मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप चालू करून मोबाइल नडगीला क्रेप बँडेजने बांधला, डोळ्यांवर ओढणी. मी त्याचा पाय उचलून एका कोनात पाच सेकंद धरायचा, खाली सोडायचा, मग त्याने स्वतः तो तिथेच नेऊन "हो" म्हणायचं. कोन सांगायचा नाही, बरोबर-चूकही सांगायचं नाही, तीन वेळा करून सरासरी घ्यायची. पहाटे निघायच्या आधी तो दोन-तीन अंशांत यायचा, निरोगी तरुणाचं एवढं येतंच. मग गड चढलो, त्याच्या नेहमीच्या जोरात, आणि त्याच्या नेहमीच्याच जोरात उतरलो, खाली टपरीच्या बाकावर परत तेच केलं, आजूबाजूचे लोक बघत होते. तिन्ही वेळा तो चुकला, आधीच्या दुपटीहून जास्त, आणि प्रत्येक वेळी "हो" मात्र तेवढ्याच खात्रीने म्हणाला. ओढणी काढून मोबाइलचा आकडा दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. हा काही अभ्यास नव्हे, एक मुलगा, एक सकाळ, बांधलेला मोबाइल जरा सरकलाही असेल. पण चूक वाढली आणि खात्री तेवढीच राहिली हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हापासून माझं उतरणं बदललं.

गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही विकणाऱ्या मावश्या आहेत, त्यातल्या कित्येक वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं घेऊन त्याच वाटेने ये-जा करतायत. त्यांना उतरताना बघा. पावलं लहान, गुडघा कधीच पूर्ण ताठ नाही, वेग पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत एकच, आणि बोलता बोलता चालतात, म्हणजे नाडी मध्यमच्या वर जातच नाही. आमच्या लेक्चरमध्ये जे दोन तास शिकवलं ते त्यांच्या चालीत आहे. मी एकदा एका मावशींच्या मागोमाग मुद्दाम त्यांच्याच वेगाने खाली आले, वेळ माझ्यापेक्षा फक्त थोडा जास्त लागला आणि मांड्या दुसऱ्या दिवशी भरून आल्या नाहीत.

मांड्या भरून येणं हीपण खूण आहे. उताराच्या व्यायामाने स्नायूत बारीक इजा होते, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं, आणि कोनाचा अंदाज निदान दुसऱ्या दिवसापर्यंत गडबडलेला राहू शकतो. नुसता दम लागला असेल तर जाणीव बऱ्याचदा थोड्या विश्रांतीने परत जागेवर येते, पण उताराने मांड्या मोडल्या असतील तर नाही. म्हणून रविवारी राजगड आणि सोमवारी संध्याकाळी बॅडमिंटन हे मी बंद केलंय आणि ग्रुपमध्ये जो करतो त्याच्या मागे लागते.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. रील्समध्ये पायांचा पूर्ण वर्कआउट झाल्यावर, पाय लटपटत असताना, शेवटी एका पायावर बोसू बॉलवर, म्हणजे अर्ध्या चेंडूसारख्या डुगडुगत्या उशीवर, उभं राहतात. ज्याचा घोटा आधी मुरगळलाय त्याने हे असं सुरू करू नये. एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे मग मिटून, वॉबल बोर्ड म्हणजे डुगडुगती फळी, हे सगळं ताजं असताना, व्यायामाच्या सुरुवातीला. माझा घोटा त्यानेच परत आला, दात घासताना रोज एका पायावर, आधी डावा मग उजवा, तीन महिने, एक दिवस चुकवला नाही. दमल्यावर तोल सांभाळायचा सराव खेळाडूंना लागतो हे खरंय, पण तो नंतरचा टप्पा, आणि शेजारी कोणीतरी उभं हवं. पहिल्यांदा मुरगळल्यावर मला "काही नाही, सूज गेली की चालायला लाग" एवढंच सांगितलं गेलं होतं, ही जाणीव परत शिकवावी लागते हे कोणी बोललं नाही, लिगामेंट भरून आलं की झालं असं मीही समजले, आणि वर्षाच्या आत तोच पाय तसाच गेला.

आता आमच्या ग्रुपचं असं ठरलंय की घड्याळ वर गडाच्या पुणे दरवाजात बंद. वर जेवढं जोरात यायचं तेवढं या, रेकॉर्ड काढा, पण उतरण्याची वेळ कोणी मोजायची नाही, कोणी विचारायची पण नाही. वर निदान अर्धा तास बसायचं, ताक प्यायचं, नाडी शंभराच्या खाली आली की मग निघायचं, आणि खाली येताना शेवटच्या टप्प्यात, जिथे मी दोनदा पडले, तिथे बोलणं बंद करून पायाखाली बघायचं. मावसभावाने सुरुवातीला कुरकुर केली. परवा त्यानेच मेसेज केला की यंदाच्या मॅरेथॉनआधी घाट उताराची प्रॅक्टिस आठवड्यातून एकदाच आणि हळू करणार आहे, आणि ताई, तो मोबाइल बांधायचा बँडेज घेऊन ये, पळाल्यावर लगेच, मग एका तासाने आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी, तिन्ही वेळा मोजू. शनिवारी चाललेय साताऱ्याला.